काठ

सीताबर्डीत जिन्याखाली माझं दुकान,
रुंदी साडेचार फूट. कूलर घरमालकाचा, वाळा माझा.
मे महिना. आयर्न तीनशे सत्तर अंशांवर,
बाहेर शेहेचाळीस,
मधे मी.

टिमकीहून हेडाऊ काका आले,
रुमालात गुंडाळलेली टॉर्च टेबलावर ठेवली.
मीच बनवून दिलेली, होळीच्या आधी.
"पोरी, हिचे तीनच डोये राह्यले."

भिंगाखाली धरली.
एका घुमटात चार चिप, पिवळ्या, तिळाहून लहान.
चौथी करपून तपकिरी.

चूक माझी. घाई होती.
चारींचे प्लस एकत्र पिळले, चारींचे मायनस एकत्र,
एक सेल, एक वाट, घ्या वाटून.
पण वीज अशी वाटली जात नाही.
जी चिप थोडक्यात पेटते
तिच्याकडे ती आधी धावते;
ती तापते, तापली की तिचं आणखी थोडक्यात भागतं,
म्हणून आणखी मिळतं,
म्हणून आणखी तापते.
एखाद्या घरातही असंच होताना पाहिलंय मी.

एकामागे एक जोडल्या असत्या
तर सगळ्यांतून सारखंच वाहिलं असतं,
पण मग तेरा व्होल्ट, चार सेल, हातभर दंडुका,
आणि एकीनं हात सोडला की चारही अंधारात.

हे काकांना सांगत होते, अर्धं स्वतःला.
ते चहाचा ग्लास हातानं चाचपत होते,
होता कोपराजवळच.
समोरचं दिसतं त्यांना, नळीतून पाहिल्यासारखं.
बाजू गेल्या. रात्री नळीही बुजते.
मेडिकलमध्ये सांगितलं, वाढत जाईल.

"ताना लावतानी," ते एकदम म्हणाले,
"सगळे धागे एका ओढीवर नाही बसत, बाई.
सैल असते त्याले वेगळं पाहा लागते,
कडक असते त्याले वेगळं.
एकच ओढ दिली का तुटलाच समज."
चाळीस वर्षं मागावर.
मी आयर्न स्टँडवर ठेवलं.

मग नवी चिप, आठ पायांची.
प्लस एकत्र राहू दिले,
मायनस चार वेगळे काढले, केसाएवढ्या तारांनी.
प्रत्येकीच्या दाराशी दोन-दोन रेग्युलेटर, काळे मुंगळे:
सातशे मिलिअँपियर, वर एकही नाही,
तू कितीही थोडक्यात पेटत असलीस तरी.
खाली तांब्याची चकती, पेस्ट पुसल्याएवढीच.
उष्णतेला बाहेर जायला वाट हवी.
बाहेर म्हणजे कुठे, हे मे महिन्यात विचारू नये.

गुळगुळीत रिफ्लेक्टरही काढला.
तो उजेड लांब फेकतो, तलावाच्या पलीकडे.
काकांना पलीकडचं नको होतं,
त्यांच्या गल्लीतली नाली हवी होती, पायरी, झोपलेलं कुत्रं.
दुसरा बसवला, खडबडीत, उजेड पसरवणारा.
"धंद्यात याला संत्र्याची साल म्हणतात."
"आपल्या इथलीच का?"
"नाही काका, चीनची."
हसले. दात होते तेवढे सगळे दिसले.

शटर ओढून घेतलं.
अंधारात त्यांनी बटण दाबलं.
चारही.
उजेड हळूहळू फिरवला, मानही सोबत,
जिन्याची खालची बाजू, मीटर, कॅलेंडर,
आणि माझ्या ओढणीवर येऊन थांबले.
आईची साडी कापून शिवलेली.
"करवती हाय," म्हणाले.
"काठ दिसून राह्यला."
मी काही बोलले नाही.
बराच वेळ तिथेच धरून उभे होते.

सहाशे सांगितले, साडेचारशे दिले,
वर म्हणाले, चूक तुझी होती.
शटर उचललं तर दुपारचे दोन,
रस्ता पांढराफटक.
त्यातून ते निघाले, हातात टॉर्च, चालूच.
काका, सेल जाईल, असं ओरडणार होते.
वळणापर्यंत गेले तसेच,
उन्हात उजेड पायापुढे धरून.